ठोकायला गाडी बांधली आणि अण्णांचा व्हिडिओ कॉल आला

ओहायोच्या त्या जत्रेतली गोष्ट पूर्ण कधी सांगणार, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तर आज तीच. बसमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा कमी ठेवा, मी मध्येच ओरडतो.

आधी डिमॉलिशन डर्बी म्हणजे काय ते सांगतो. पाणी मारून चिखल केलेलं मैदान, भोवती सिमेंटचे जाड ठोकळे, आत आठ-दहा जुन्या गाड्या. एकमेकींना ठोकत राहायचं. शेवटपर्यंत जी हलते, ती जिंकली. अमेरिकेत उन्हाळ्यात काउंटी फेअर भरतात, म्हणजे आपल्याकडची जत्राच. गाई-डुकरांचं प्रदर्शन, पाळणे, तळलेलं खाणं आणि एका रात्री हा धिंगाणा. १९५८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या इस्लिप स्पीडवेवर लॅरी मेंडेलसोन यांनी तो भरवला आणि पुढे एबीसी वाहिनीमुळे तो घरोघरी पोचला.

आता मी सांगलीचा. अण्णांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. जन्मभर त्यांनी चेपलेला पत्रा सरळ केला. त्यांच्या पोराने मुद्दाम गाडी चेपायची, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून सांगितलंच नाही.

गाडी घेतली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया. अमेरिकन सिनेमात पोलिसांची असते ना, तीच. ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि खाली वेगळी चासी. २०११ नंतर ती बनायची बंद झाली. माझी तर गंजून चाळणी झालेली, कारण इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.

डर्बीची गाडी बांधायची म्हणजे निम्मं काम काढून टाकायचं असतं. सगळ्या काचा, दिवे, मागची सीट, प्लॅस्टिक, सगळं बाहेर. मूळ पेट्रोलची टाकी या गाडीत मागच्या अॅक्सलच्याही मागे असते, आणि डर्बीत ठोकायचं असतं मागच्याच बाजूनं! म्हणजे ती काढलीच पाहिजे. त्याऐवजी छोटी टाकी सीटच्या मागे पट्ट्यांनी घट्ट बांधायची. पंप बंद करायचं बटण हाताशी. बॅटरी आत, शेजारच्या सीटच्या जागी. बॉनेटला मोठं भोक पाडायचं, म्हणजे आग लागली तर तिथून विझवता येते. रेडिएटरमध्ये फक्त साधं पाणी. आणि दरवाजे वेल्डिंग करून कायमचे बंद.

इथे मी घाण केली. तपासणीला दोन दिवस राहिलेले, रात्रीचे अकरा वाजलेले. रंग घासायचा कंटाळा आला, म्हणून ड्रायव्हरच्या दरवाज्याला रंगावरच वेल्डिंग मारलं. तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल. घाईत उचलला आणि मागे गाडी दिसली.

"काय करायलास रे?"

सांगितलं. सगळं सांगितलं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाले, "मोबाईल जवळ घे. ती चिमणीची शीट कुणी टाकली?"

"वेल्डिंग आहे अण्णा."

"हातोडी मार त्याच्यावर."

मारली. तीन टाके टकाटक उडाले. चौथा मी उडवलाच नाही, लाज वाटली.

"रंगावर आणि गंजावर वेल्डिंग धरत नाही, हे तुला आठवीत शिकवलंय. घास. लखलखीत होईपर्यंत घास. मग पट्टी लावून मार. मी थांबतो." त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ. गिऱ्हाईक उभं होतं, ते मला ऐकू येत होतं. तरी थांबले.

आता मैदान. एक गोष्ट लक्षात ठेवा: अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत. धडकेत स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. आपलं रेडिएटर वाचवायचं, म्हणून सगळं रिव्हर्समध्ये, मान वळवून. आमच्याकडे एका मिनिटात कुणालातरी ठोकलं नाही तर बाद. आणि ड्रायव्हरच्या दरवाज्यावर ठोकायला सक्त बंदी. तो उठून दिसावा म्हणून पांढरा रंगवायचा.

पण चिखलात गाडी घसरते हो! एक जुनी शेवी दुसऱ्या कुणावर जात होती. मध्येच तिला धक्का बसला, ती फिरली आणि आली थेट माझ्या पांढऱ्या दरवाज्यावर. धाडकन! हेल्मेटच्या आत माझे दात वाजले. लाल झेंडा वर गेला, सगळं थांबलं. मी आधी डावीकडे बघितलं. दरवाजा वीतभर आत आला होता. पट्टी वाकली होती. टाका एकही सुटला नव्हता.

त्या ड्रायव्हरने लांबूनच हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. मी ठीक असल्याची खूण केली. परत सुरू. पुढे पाच-सहा मिनिटांत रेडिएटर फुटलं, वाफेत काही दिसेना, मग मागचं चाक आत वळून अडकलं. दरवाज्याशेजारी एक लाकडी काठी बांधलेली असते, हार मानायची तर ती मोडायची. मोडली. नऊ जणांत चौथा. बक्षीस तिसऱ्यापर्यंत.

रात्री फोटो पाठवले, सगळ्या बाजूंनी. अण्णांनी दरवाज्याचा फोटो मोठा करून परत मलाच पाठवला, पट्टीभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं होतं, "खालचा टाका अजून लांब पाहिजे होता."

आणि मिनिटभराने, "लागलं नाही ना?"