बाळाचे पुढे आलेले कान : निर्णय कधीचा आणि कुणाचा

व्याख्यानमालेला हा विषय जरा हलका वाटेल. पुढे आलेले कान हा काही रोग नव्हे. त्याने ऐकू कमी येत नाही, दूध पिण्यात अडचण येत नाही, वाढ खुंटत नाही. पण नागपुरातल्या मनीषनगरसारख्या वस्तीत बाळाचा पहिला फोटो तासाभरात सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचतो आणि "कान कुणावर गेलेत गं?" हा प्रश्न बाळाच्या आधी घरी येऊन बसतो. त्यावरचे घरचे उत्तरही ठरलेले असते : "लहान आहे अजून, होतील सरळ." माझे आजचे म्हणणे या उत्तराविरुद्ध आहे. कान आहेत तसे ठेवावेत, की शस्त्रक्रिया न करता वळवून घ्यावेत, याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. "थांबून पाहू" म्हणणारा मात्र आपण अजून काही ठरवलेले नाही असे समजतो, आणि तेवढ्यात त्याच्या वतीने निर्णय होऊन गेलेला असतो.

नवजात बाळाच्या कानाची कूर्चा सुरुवातीला कमालीची मऊ असते. आईकडून आलेले इस्ट्रोजेन बाळाच्या रक्तात पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण सहा आठवड्यांत उतरते. त्याच्या प्रभावाने कूर्चेतले हायलुरॉनिक आम्ल वाढते व ती लवचीक राहते, असे मानले जाते. जपानमधल्या कियोशी मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये याच मऊपणाचा उपयोग करून जन्मानंतर लगेच कान वळवता येतात हे दाखवले. त्यांच्या हजार बाळांच्या पाहणीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. जन्मतः दुमडलेले, टोकदार, कड लोंबणारे असे कितीतरी कान वर्षभरात आपोआप सुधारले. पुढे आलेल्या कानांचे उलट झाले : जन्मतः त्यांचे प्रमाण 0.4 टक्के होते, वर्षाअखेर ते 5.5 टक्क्यांवर गेले. म्हणजे "होतील सरळ" म्हणणाऱ्या आजीचा अनुभव खोटा नाही, पण तो दुसऱ्या जातीच्या कानांचा आहे. याच आकड्यांतून एक अडचणही पुढे येते. बरेच कान नंतर पुढे येतात. अशा बाळांच्या आईबापांनी पहिल्या आठवड्यात काय ओळखायचे होते? काहीच नाही, आणि त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. माझा युक्तिवाद ज्यांचे कान जन्मतःच ठळकपणे पुढे आहेत त्यांच्यापुरताच आहे.

तो कान जवळून पाहायला हवा. बाहेरच्या कडेच्या आत, तिला समांतर अशी एक घडी असते. ती नीट पडली नसेल तर कानाचा वरचा भाग डोक्यापासून दूर उभा राहतो. बोटाने कड हलकेच मागे दाबली आणि ती घडी सहज उमटली, तर साचा लावून कान वळवण्याचे काम जमण्याची शक्यता चांगली. कानाच्या मधली वाटीच खोल असेल तर काम अवघड. उपचार दिसायला अगदी साधा आहे : सिलिकॉनच्या नळीत मऊ तार घालून तिला कानाच्या आकाराचे वळण द्यायचे, ती कडेच्या खोबणीत बसवायची आणि वैद्यकीय चिकटपट्टीने कान डोक्याला धरून ठेवायचा. तयार साचेही मिळतात. पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली तर बहुधा दोनेक आठवडे पुरतात. उशीर होईल तसा काळ लांबतो आणि यश घटते. नुसती चिकटपट्टी लावणे, टोपडे कसून बांधणे, फडक्याने कान आवळणे यांनी ती घडी तयार होत नाही, फक्त कान चेपला जातो. घरगुती सेलोटेपचा तर विचारही नको. बाळाची कातडी सोलून निघते.

आता आपले घरचे वेळापत्रक पाहा. बाळंतीण माहेरी असते, सव्वा महिना तिला कुठे हलू देत नाहीत. लसीकरणात जन्मतःच्या लशींनंतरची पुढची फेरी थेट सहा आठवड्यांनी. बहुतेक आईबाप कानांचा प्रश्न डॉक्टरांना तेव्हा विचारतात, आणि तेव्हा कूर्चा घट्ट होत आलेली असते. गंमत अशी की याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत घडवली, आणि आज आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. ती श्वास, वजन, ताप, नाळ पाहते, आणि तेच पाहावे. जीव वाचवणाऱ्या त्या यादीत कानांची भर घालावी असे मी म्हणणार नाही. निरोगी बाळाच्या अंगावर व्यंगाचा शिक्का मारायची घाई सरकारी कार्यक्रमाने करू नये. विचारायचे आईबापांनी, आणि रुग्णालयातून घरी निघतानाच.

आक्षेप अनेक आहेत. पहिला असा, की सुधारायचे ते चिडवणाऱ्यांना, कानांना का? गणपतीच्या सुपासारख्या कानांना आपण हात जोडतो आणि शाळेत तशाच कानांच्या पोराला सुपकान्या म्हणतो, हे लाजिरवाणे खरेच. पण समाज सुधारायला लागणारा काळ आणि कूर्चेचा काळ एक नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : बाळाची संमती कुठे आहे? तर बाराव्या दिवशी आपण कान टोचतो, डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतो, मालिशवाली नाक चिमटीत धरून ओढते. त्यातले कुठले बाळाला विचारून? एवढ्याने काहीही करायला मोकळीक मिळत नाही. पण दोन आठवडे पट्टी, जी लाल चट्टा दिसताच काढून टाकता येते, आणि सहाव्या वर्षी भूल देऊन करायची शस्त्रक्रिया, यांत मुलावर लादलेला भार कुठे कमी, हे उघड आहे. तिसरा आक्षेप पुराव्याचा, आणि तो मला सर्वांत पटतो. यशाचे आकडे मोठे सांगितले जातात, काही अहवालांत नव्वद टक्क्यांवर. पण त्यांतले पुष्कळसे उपचार करणाऱ्यांनीच, तुलनेला उपचार न केलेला गट न ठेवता मांडलेले आहेत. म्हणून कुणी हमी देत असेल तर सावध व्हा, आणि महागड्या आयात साच्याला भुलण्याआधी साध्या तारेने होईल का ते विचारा.

नागपुरात एक हिशेब आणखी करावा लागतो, तो मे महिन्याचा. पारा 45 अंशांकडे गेला की पट्टीखाली घाम साचतो, घामोळे येते, कातडी ओली राहून फाटते. त्यात रोजचे तेलमालिश. डोक्याला तेल लागले की कुठलीच पट्टी टिकत नाही. घरात दिवस-रात्र कान पाहणारे कुणी असेल, पंधरवडाभर डोक्याचे तेल थांबवायला आजी राजी असेल आणि तीन-चार दिवसांनी दाखवायला नेता येत असेल, तरच हे सुरू करावे. यातले काही जमत नसेल तर कान तसाच राहू द्यावा. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरेल. कान पुढे आलेला नसून लहान, अर्धवट घडलेला किंवा भोक नसलेला असेल, तर साच्याचा प्रश्नच नाही. तिथे आधी श्रवणचाचणी करून घ्यायची.

आणि तीन महिने उलटून गेले असतील तर पट्ट्यांचा नाद सोडावा. कानाची बहुतेक वाढ पाच-सहा वर्षांत होते, त्यानंतर शस्त्रक्रियेचा मार्ग असतोच. तोवर मूल बोलू लागलेले असते. त्याला स्वतःला कानांचे काही वाटते का, हे तेव्हा त्यालाच विचारता येईल.