भव्य म्हणजे नक्की काय?

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. तीस वर्षं मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं, पण ए-बी-सी-डी गिरवली ती याच शाळेत, पाचवीच्या वर्गात. तेव्हा आज इंग्रजीबद्दलच बोलते. निमित्त तुम्हीच दिलंय. आपली १९७९ची बॅच शाळेच्या वाचनालयाला पुस्तकांची कपाटं देते आहे. त्यावरच्या पाटीसाठी एक ओळ मराठीत आणि एक इंग्रजीत हवी होती. मराठी ओळ पाच मिनिटांत ठरली. इंग्रजीत शाळेला कुठलं विशेषण लावायचं, यावर मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस खल चालला. कुणी ग्रँड म्हणालं, कुणी मॅजेस्टिक, कुणी मॅग्निफिसंट. एकाने तर इम्पोझिंग लिहिलं. शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आता हे चारही शब्द इंग्रजी-मराठी शब्दकोशात काढा. समोर बहुधा एकच अर्थ दिसेल: भव्य. मग वाटतं, चारांतला कुठलाही घातला तरी चालतंय की! तसं चालत नाही. आणि मराठी माध्यमातल्या मुलाची पंचाईत इथेच होते. अर्ज लिहिताना, मुलाखतीत बोलताना तो त्यातल्या त्यात जड शब्द उचलतो. ऐकणारा हसत नाही, पण मनात नोंद करतो.

मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारायला सांगत असे: या वस्तूचं मोठेपण आलंय कुठून?

ग्रँड घ्या. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ मोठा, पूर्ण वाढलेला. ग्रँडफादर, ग्रँड टोटल यांत तोच आहे. आकाराबरोबर यात प्रसंगाचं महत्त्वही येतं. गेटवे ऑफ इंडिया ग्रँड आहे. राजा पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरला, त्याची आठवण म्हणून बांधलेली ही २६ मीटर उंचीची कमान १९२४ साली खुली झाली. पुढे फेब्रुवारी १९४८मध्ये शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीखालून निघून गेली. आणि हो, ग्रँट रोडचा याच्याशी काही संबंध नाही. ते गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचं नाव. आपल्यातले निम्मे लोक आजही तिकीट 'ग्रँड रोड'चंच मागतात!

मॅग्निफिसंटमध्ये 'मोठं' आणि 'करणं' असे दोन धातू आहेत. म्हणजे इथे मोठेपण घडवण्यातून येतं. सीएसटी, आताचं सीएसएमटी, नीट पाहिलंय का कधी? आपण तिथे नेहमी लोकल पकडायच्या घाईत. दगडात कोरलेली पानं, प्राणी, पक्षी, वरचा घुमट. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावर दहा वर्षं काम चाललं आणि १८८८ साली ते पूर्ण झालं. तो मॅग्निफिसंट. म्हणूनच गाण्याची मैफलही मॅग्निफिसंट होऊ शकते.

मॅजेस्टिकमध्ये राजा आहे. सिंहासनावरच्या माणसाचा 'हिज मॅजेस्टी' तोच हा. रायगडावर नगारखान्यातून आत गेलं आणि समोर राजसभेची जागा दिसली, की आपण आपोआप आवाज खाली आणतो. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, त्या जागेला मी मॅजेस्टिक म्हणेन. आज तिथे छप्पर नाही, भिंती पडल्या आहेत, तरी म्हणेन. गिरगावातल्या एका सिनेमागृहानेही हे नाव घेतलं होतं, आणि १९३१ साली 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट तिथेच लागला. नाव ठेवणाऱ्याला शब्द कळला होता.

इम्पोझिंग म्हणजे आपल्यावर काहीतरी 'ठेवणारा', वजन टाकणारा. फोर्टातल्या एशियाटिकच्या तीस पायऱ्यांखाली उभं राहा आणि वरचे खांब बघा. चढायच्या आधीच आपण लहान होतो. हा शब्द नेहमीच कौतुकाचा नसतो, त्यात थोडी भीतीही आहे. शाळेला तो लावणं मला बरं वाटलं नाही. अर्थात गणिताच्या तासाला लावला असता तर चाललं असतं. सर, माफ करा!

इम्प्रेसिव्ह मात्र आकाराशी बांधलेला नाही. मनावर ठसा उमटला की झालं. आपल्या जुहूचीच दोन उदाहरणं देते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपल्या विमानतळावर उतरले. एका इंजिनाचं चिमुकलं पस मॉथ विमान. ते ग्रँडही नव्हतं आणि मॅजेस्टिकही नव्हतं. पण देशाची विमानसेवा त्यातून उभी राहिली, म्हणून ते उड्डाण इम्प्रेसिव्ह. दुसरं पृथ्वी थिएटर. आपण दहावीत होतो त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७८मध्ये ते सुरू झालं. जेमतेम दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, नटाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. तिथे भव्य काय आहे? काहीच नाही. ठसा मात्र जन्मभर राहतो.

राहिला ऑसम. तुमच्या नातवंडांचा लाडका. चौपाटीवरची शेवपुरी ऑसम, नवा मोबाइल ऑसम. या शब्दाच्या पोटात आहे 'ऑ', म्हणजे भीतीयुक्त आदर. जुलै महिन्यात मोठ्या भरतीला जुहूच्या किनाऱ्यावर काळं पाणी अंगावर येतं, तो खरा ऑसम. शेवपुरीला चविष्ट म्हणा. तिचा मान कमी होत नाही.

आणि एक सावधगिरी. ग्रँडच्या शेपटाला दोन अक्षरं चिकटली की ग्रँडिओज होतो आणि कौतुकाची थट्टा होते. विमानतळामुळे आपल्या भागात इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, म्हणून जाहिरातवाले उंचीऐवजी लॉबीच्या संगमरवराचं वर्णन करतात. वर्णन जेव्हा वस्तूपेक्षा मोठं होतं, तेव्हा तो ग्रँडिओज.

हे सगळं अवघड वाटतंय? मग आता मुख्य मुद्दा सांगते. या छटा तुम्हाला आधीपासून येतात. नवरदेवाची ऐट, फौजदाराचा रुबाब, नऊवारीतल्या आजीचा डौल, लग्नाचा थाट, सरदार घराण्याचा दबदबा, नव्या श्रीमंताचा भपका, पुढाऱ्याचा बडेजाव. यातला एक तरी शब्द दुसऱ्याच्या जागी बसतो का? आजीचा भपका म्हणून पाहा, घरी जेवायला मिळणार नाही! इंग्रजीतला स्टेटली म्हणजे हाच डौल. इम्पोझिंगमध्ये दबदबा आहे, पॉम्पसमध्ये बडेजाव आहे, ग्रँडिओजमध्ये भपका आहे. घोटाळा होतो तो आपण सगळ्यांना 'भव्य' नावाच्या एकाच पोत्यात भरतो म्हणून. ज्याचं मराठी बारीक, त्याचं इंग्रजीही बारीक होतं. मराठी माध्यमामुळे मुलांचं इंग्रजी मागे पडतं असं ज्यांना वाटतं, त्यांना हे जरूर सांगा. मुंबईत मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना तर मुद्दाम सांगा.

तर पाटीचं काय? आपली शाळा दुमजली. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजायचे आणि दर दोन वर्षांनी रंग लागायचा. ती ग्रँड नव्हती. मॅजेस्टिक, इम्पोझिंग तर नव्हतीच. उद्या पाचवीतली एखादी मुलगी ती पाटी वाचेल, मान वर करून इमारत बघेल आणि शब्दाचा अर्थ चुकीचा शिकेल. आपल्या देणगीतून ते तरी होऊ नये. म्हणून मी विशेषणच काढून टाकलं आहे. ओळ एवढीच: 'वुई लर्न्ट टू रीड हिअर.' आम्ही इथे वाचायला शिकलो. पाच शब्द, सगळे पाचवीच्या मुलीला कळणारे.

बाहेरच्या फलकावर मात्र 'ग्रँड रियुनियन' लिहिलंय, ते तसंच राहू द्या. इतक्या वर्षांनी अमेरिकेपासून अंबरनाथपर्यंतचे आपण सगळे जमलोय. प्रसंग मोठा आहे, तिथे शब्द बरोबर बसतो.

इंग्रजीच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, पाटी कोरायला जायची आहे. त्याआधी कागद तुमच्याकडे देते. लाल पेन मी सोबत आणलंय.