गेलेला आवाज आणि राहिलेली मंडळी



आपल्या वऱ्हाडात मारुतीचे देऊळ नाही असे गाव शोधूनही सापडायचे नाही; आणि जिथे देऊळ, तिथे भजनी मंडळ हे ठरलेलेच. माझे गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्या मधल्या पट्ट्यातले. तिथेही असे मंडळ आहे. त्याचे बुवा काळी चारमध्ये गात. रात्रीच्या शांत वेळी त्यांचा अभंग पांदणीपर्यंत ऐकू येई. चार वर्षांपूर्वी, ऐन वखरणीच्या दिवसांत, बुवा गेले. त्यानंतर सात एकादश्या देवळात टाळ वाजला नाही.

मी सुटीत गावी गेलो तेव्हा मंडळातले एक वृद्ध टाळकरी म्हणाले, "सर, बुवा गेले, आता काय रायलं? त्यायच्यासारखा आवाज आनाव कुठून?" पुढच्या एकादशीला एका तरुणाला बुवांच्या जागी बसवले. त्याने बुवांच्याच स्वरात, बुवांच्याच हरकती घेत गायचा प्रयत्न केला. दुसऱ्या चरणाला त्याचा आवाज फाटला. मुले हसली. तो जो उठला, तो देवळाकडे पुन्हा फिरकला नाही.

एक गळा गेला की बाकीच्यांनी काय करायचे? टाळ खुंटीला अडकवायचे, की गेलेल्याची नक्कल करायची? हा प्रश्न आमच्या गावचाच नाही. मराठी रंगभूमीवरच्या एका थोर मंडळीला तो पुन्हा पुन्हा सोडवावा लागला. आज तिचीच हकीकत आपणांस सांगावी असे मनात आहे.

ही मंडळी म्हणजे किर्लोस्कर नाटक मंडळी. बळवंत पांडुरंग, म्हणजेच अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली 'सौभद्र'. त्या पदांचे वळण आपल्या कानांना ओळखीचे होते. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, थोडी कानडी ढब. त्यांत बडोद्याहून आलेला एक तरुण सुभद्रा होऊन गाऊ लागला. तेच भाऊराव कोल्हटकर. त्यांचा उंच, खणखणीत आवाज ही मंडळीची ओळखच झाली.

१८८५ साली खुद्द अण्णासाहेब गेले. ज्यांनी नाटके लिहिली, पदे रचली, माणसे जमवली, तेच गेले. पण मंडळी मोडली नाही. भाऊरावांचा गळा होता, गोविंद बल्लाळ देवलांसारखे जाणते नाटककार होते. पुढे नवी नाटके हवी झाली, तेव्हा त्यांतली काही लिहिली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, हे कोल्हटकर म्हणजे अकोला, खामगाव, जळगाव जामोद इथे वकिली केलेले गृहस्थ. १८९६ साली त्यांचे 'वीरतनय' आले, आणि त्यातून पारशी, उर्दू, गुजराती रंगभूमीवरच्या नव्या चाली किर्लोस्करांच्या रंगमंचावर वाजू लागल्या. साकी-दिंडीवर वाढलेल्या कानांना त्या परक्याच वाटल्या असणार. परंतु मंडळीचा नाद बदलला, तो असा.

१९०१ साली भाऊराव गेले. आता मात्र आवाजच गेला. दुसरा भाऊराव कुठून आणणार? १९०५ साली मंडळीत एक मुलगा आला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. त्यांचा गळा भाऊरावांसारखा नव्हता. भाऊरावांचा स्वर झेपावणारा. यांचा मृदू, लडिवाळ, शब्दाला कुरवाळणारा. मंडळीने या मुलाला भाऊराव करायचा हट्ट धरला नाही. १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले, तेव्हा त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. टेंबे मूळचे पेटीवादक. त्यांनी ठुमरीच्या, रागदारीच्या वळणाच्या चाली निवडल्या आणि त्या या गळ्यावर शोभून दिसल्या. गळ्याला चाल शोधली. चालीसाठी गळा पिळला नाही. मला वाटते, या साऱ्या हकीकतीतले मर्म इथे आहे.

पुढे १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस मंडळी सोडून गेले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. हे जाणे मरणाने नव्हते, पण जागा तितकीच रिकामी झाली. १९१४ साली तिथे दीनानाथ मंगेशकर आले. वय जेमतेम तेरा-चौदा, आणि गाणे पुन्हा निराळे. जोरकस, चपळ, तानेची वीज चमकावणारे. तेही १९१८ साली बाहेर पडले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभी केली. त्यानंतर किर्लोस्कर मंडळीला पूर्वीची उभारी आली नाही, हेही खरे. प्रत्येक रिकामी जागा भरतेच असे नाही. पण पहिल्या धक्क्यालाच पडदा पाडला असता, तर बालगंधर्वांना ते घर मिळाले नसते.

आता क्षणभर दूर जाऊ. माझ्या वर्गातली मुले पाश्चात्त्य रॉक संगीत ऐकतात. त्यात मनातली व्यथा उघडपणे गाणारा एक प्रकार आहे. इंग्लंडात जॉय डिव्हिजन नावाचा एक वाद्यवृंद अशाच उदास वळणाचा होता. १९८० साली त्याचा गायक इयान कर्टिस तेविसाव्या वर्षी गेला. आपल्यातला एक जरी गेला तरी हे नाव वापरायचे नाही, असे त्यांचे आधीच ठरलेले होते. उरलेल्या तिघांनी ते पाळले. न्यू ऑर्डर हे नाव घेतले, गिटार वाजवणारा बर्नार्ड समनर गाऊ लागला, एक नवी वादक आली आणि विजेच्या वाद्यांवर नाचता येईल असे संगीत त्यांनी केले. किर्लोस्करांनी नाव ठेवून नाद बदलला. यांनी नावही ठेवले नाही. पण गेलेल्याचा आवाज काढायला दोघांनीही कुणाला बसवले नाही.

आपल्याकडे तर उदाहरण उशालाच आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले. मोझरीच्या गुरुकुंजात आणि गावोगाव आजही खंजिरी वाजते. ती खंजिरी महाराजांची नाही हे वाजवणाऱ्याला ठाऊक असते. तरी तो वाजवतो.

आता पुन्हा आमच्या गावी. मी हे सारे एका संध्याकाळी पारावर सांगितले. टाळकरी गप्प राहिले. आमचे पेटीवाले काका मात्र म्हणाले, "बुवा काळी चारवाले होते. हा पोरगा काळी एकचा हाय. पेटीवर माहा हात सरकवता येते, पोराचा गळा कसा सरकवू?" दुसऱ्या दिवशी काका स्वतः त्या तरुणाच्या घरी गेले. स्वर काळी एकला उतरवला. मृदंगाची पुडी इतकी उतरेना, म्हणून शेजारच्या गावाहून मोठ्या तोंडाचा दुसरा मृदंग आणावा लागला. स्वर खाली आला तशी लयही जरा ठाय झाली. अभंग आता पांदणीपर्यंत ऐकू जात नाही. मात्र देवळात बसलेल्यांना शब्द न् शब्द कळतो, आणि पूर्वी ज्यांना तो स्वर झेपत नसे अशी माणसेही मागे धरू लागली आहेत.

ते वृद्ध टाळकरी काही परत आले नाहीत. "हे बुवाचं भजन नाही, बाप्पा," असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांना कुणी दोष देऊ नये. मंडळाने एवढेच केले, की बुवांच्या पुण्यतिथीला त्यांचा आवडता अभंग कोणी एकट्याने गात नाही. सगळे मिळून म्हणतात. बुवांची जागा त्या दिवशी मोकळी ठेवतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या शाळेत प्रार्थना सांगणारी एखादी गोड गळ्याची मुलगी असते. दहावी झाली की ती जाते, आणि जूनमध्ये प्रार्थना पडते. तेव्हा नव्या मुलीला "तिच्यासारखं म्हण" असे सांगू नका. आधी तिचा स्वर कोणता ते पेटीवर पाहा. शिवाय एकीऐवजी दोघी-तिघींना आधीच तयार करा. आणि गावच्या मंडळांनीही बुवा असतानाच एखादा अभंग दुसऱ्याला सांगायला द्यावा. बुवांनाही त्यात आनंदच वाटेल.

येत्या एकादशीला ज्या गावी टाळ खुंटीवर असतील, त्या गावच्या मंडळींनी ते एकदा खाली काढून पाहावेत. पहिल्या दिवशी सूर लागणार नाही. दुसऱ्या एकादशीलाही बसावे.