नोंद चुकू नये म्हणून
(मंडळाच्या देऊळघाट येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



पैनगंगेच्या काठच्या या देऊळघाट गावी आपण वर्षातून एकदा एकत्र जमतो. उरलेले वर्षभर एकमेकांची खबर ठेवण्याचे काम पूर्वी पोस्टकार्ड करीत असे. आता ते मंडळाच्या संकेतस्थळाकडे सोपवावे, असा विचार आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी मांडला आहे. जन्म, विवाह, निधन, शिष्यवृत्तीची मुदत, वसतिगृहातील रिकामी जागा अशा वार्ता, नवी वर आणि जुनी खाली, या क्रमाने तेथे दिसाव्यात अशी योजना आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु अशी वार्तावही वाचकापुढे पानापानाने मांडावी कशी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

नोंदवही आपणांस नवी नाही. महसूल दप्तरातील गाव नमुना ६, ज्याला आपण फेरफार म्हणतो, ती अशीच चालती नोंदवही होय. तीत प्रत्येक नोंदीस ओळीने क्रमांक पडतो आणि तोच क्रमांक सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात लिहिला जातो. त्यामुळे जुना व्यवहार शोधणाऱ्यास सगळी वही चाळावी लागत नाही. तो थेट त्या क्रमांकावर जातो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे फेरफाराची नोटीस निघते व हरकतीस मुदत असते. ही नोटीस आता ‘आपली चावडी’ या शासकीय संकेतस्थळावरही पाहता येते. नोटीस नजरेतून निसटली, तर मुदतही निसटते. नोंद योग्य वेळी दिसण्याचे मोल शेतकरी कुटुंबास वेगळे सांगावयास नको.

आता संगणकाची रीत पाहू. एका पानावर वीस वार्ता, असा नेम धरला. दुसरे पान मागितले की सर्वसाधारण पद्धत सांगते : ‘वरून वीस नोंदी सोडा आणि पुढील वीस द्या.’ हिशेब सरळ दिसतो. पण वही स्थिर नसते. आपण पहिले पान वाचीत असता वर तीन नव्या वार्ता आल्या, तर वाचलेल्या शेवटच्या तीन वार्ता दुसऱ्या पानावर पुन्हा भेटतात. हा केवळ त्रास झाला. खरा घात याच्या उलट होतो. त्याच अवधीत पहिल्या विसांतील एक वार्ता कोणी काढून टाकली, तर एकविसावी विसाव्या जागी सरकते. पुन्हा वीस सोडले की तीही सोडली जाते. ती पहिल्या पानावर दिसली नव्हती आणि दुसऱ्यावरही दिसत नाही. ती वार्ता एखाद्या घरच्या निधनाची असली, तर त्या घरी सांत्वनास जाणारे जात नाहीत, आणि मनात जो दुरावा येतो त्याचे कारण कोणासच उमगत नाही.

यावर उपाय जुन्या वाचकाचाच आहे. पोथी वाचणारा मनुष्य पाने मोजून सोडीत नाही, तो खूण ठेवतो. तद्वत संगणकास सांगावे : ‘मी शेवटी वाचलेल्या नोंदीची वेळ व क्रमांक हा असा, याहून जुन्या वीस नोंदी द्या.’ मग वर कितीही भर पडो वा घट होवो, वाचकाचे स्थान ढळत नाही. खुणेची नोंदच नाहीशी झाली तरी अडत नाही, कारण ‘त्याहून जुनी’ ही अट तशीच लागू राहते. वेळेबरोबर क्रमांक अवश्य हवा. एकाच क्षणी दोन नोंदी आल्या तर त्यांचा क्रम ठरविणारे दुसरे काही उरत नाही. ट्विटरने २०१० साली आपल्या नोंदींसाठी जी क्रमांकपद्धती आणली, तिच्यात क्रमांकाच्या आरंभीच काळ गुंफलेला होता, तो क्रम राखण्यासाठीच.

या रीतीने श्रमही वाचतात. शंभरावे पान मोजून काढावयाचे तर संगणक आधीच्या १,९८० नोंदी ओलांडून टाकून देतो, आणि हे प्रत्येक वाचकासाठी पुन्हा करतो. खूण असेल तर तो सूचीच्या आधारे थेट त्या जागी पोहोचतो. अशा सूचीची बहुशाखी रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. एका टप्प्यात तीनशे वाटा धरल्या, तर तीन टप्प्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते. मात्र ही सूची वेळ व क्रमांक याच क्रमाने बांधलेली हवी. आणि एकाच शाखेच्या वार्ता पाहावयाच्या तर सूचीत शाखा प्रथम हवी.

आणखी एक उधळपट्टी टाळावी. वीस वार्ता आणल्यावर प्रत्येकीच्या कुटुंबाचे नाव विचारण्यास वीस वेळा वेगळा हेलपाटा घालणे, म्हणजे वीस जिनसांसाठी बाजारास वीस वेळा जाणे होय. एक यादी करावी आणि सर्व नावे एकाच खेपेत आणावीत. खेड्यात जेथे मोबाइलचे जाळे क्षीण असते, तेथे अशी काटकसर म्हणजे वाचकाविषयीचा आदरच होय.

या पद्धतीस मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. ‘एकदम पन्नासावे पान दाखवा’ अशी मागणी तीत पुरी होत नाही. परंतु पन्नासाव्या पानाची कोणास आस असते? मनुष्य विचारतो तो दिवस. ‘गेल्या दिवाळीपूर्वीच्या वार्ता दाखवा’ असे विचारले, तर ती तारीखच खूण होते.

तेव्हा कार्यकर्त्यांस माझी विनंती एवढीच की, पाने मोजून देऊ नयेत, खुणेने द्यावीत. प्रत्येक नोंदीस न बदलणारा क्रमांक द्यावा. आणि चुकलेली वार्ता पुसून न टाकता तिच्यावर ‘रद्द’ असा शेरा ठेवावा, म्हणजे ती वाचून गेलेल्यांसही खरे काय ते कळेल. ज्ञातीतील लहानातल्या लहान घरची वार्ता मोठ्या घरच्या वार्तेइतकीच हमखास सर्वांपर्यंत पोहोचावी, यासाठी हा सारा खटाटोप आहे.