शेवटच्या पानावरची ओळ



दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते: हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले. मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याची ही सक्ती 1867 च्या कायद्यात होती. मजकूर खटकला, तर पोलिसांनी कोणाचे दार ठोठावायचे हे सरकारला त्या ओळीतून आयतेच कळे.

सोलापुरात पत्राला आपले नाव देणे फार महाग पडलेले आहे. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि शहर पेटले. 8 मे रोजी गोळीबार झाला, 12 मेपासून मार्शल लॉ लागला. त्या लष्करी अमलात 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली गेली. 'गझनफर' हे पत्र तर कुर्बान हुसेन स्वतःच चालवत. वय विशीतले, कामगारांत उठबस. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासह त्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले. या चौघांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. त्यांतला एक पुतळा पत्रकाराचा आहे, हे आजही सांगावे लागते याची मला खंत वाटते.

पुढे बाबूराव जक्कलांचा 'सोलापूर समाचार' आणि रंगाअण्णा वैद्यांचा 'संचार' आला. पत्रामागचा माणूस गावाला ठाऊक असे. बातमी चुकली तर वाचक त्याला गाठून जाब विचारू शके. मग मोठ्या वृत्तसमूहांच्या सोलापूर आवृत्त्या निघाल्या. पाने वाढली, छपाई रंगीत झाली, बातम्याही लवकर येऊ लागल्या. हा लाभ मी नाकारत नाही. मात्र मालक आता दुसऱ्या शहरात बसतो.

म्हणूनच वृत्तपत्र नोंदणीच्या 1956 च्या नियमांचे मोल मला मोठे वाटते. फेब्रुवारी सरला की पुढच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन छापणे त्यांनी बंधनकारक केले. भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असणाऱ्यांची नावेही त्यात द्यावी लागत. 1867 चा कायदा 1 मार्च 2024 पासून बदलला, पण जुन्या फाइली आहेत. ग्रंथालयात गेलात तर एखाद्या दैनिकाचे वर्षावर्षांचे मार्चचे अंक काढा आणि ती निवेदने शेजारी ठेवून वाचा. पत्राचे नाव तेच असताना मालक कधी बदलला, ते तिथे तारखेसह सापडेल.