नायगावच्या घरातून गेलेली दोन पत्रे

(खंडाळा तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या कुटुंब-मेळाव्यात झालेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



खंडाळा म्हटले की बाहेरच्या माणसाला लोणावळ्याशेजारचा घाट आठवतो. आपला खंडाळा निराळा. पुण्याकडून येताना नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, पहिले मोठे गाव शिरवळ. शिवरायांच्या आरंभीच्या झुंजीशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो सुभानमंगळ येथलाच. पुढे खंबाटकीचा घाट. महामार्गावरून अहोरात्र वाहने धावत असतात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते, की शिरवळपासून थोडे आत वळले तर नायगाव लागते? तेथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी सावित्रीबाई जन्माला आल्या.

ते घर आज जतन केलेले आहे. जवळच त्यांच्या जीवनातील प्रसंगांची शिल्पसृष्टी आहे. ३ जानेवारीला तेथे मोठी गर्दी होते, मान्यवर येतात, भाषणे होतात. हे सर्व उचितच आहे. परंतु जन्मस्थानाच्या घराचे एक दुर्दैव असते. येथे अमुक जन्मले, एवढे सांगून त्या घराचे काम संपते, असे आपण धरून चालतो. १८४० मध्ये नवव्या वर्षी सावित्रीबाईंचा विवाह झाला, त्या पुण्याला गेल्या, १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. म्हणजे खरी कथा पुण्यात घडली आणि नायगाव मागे पडले, असा आपला समज असतो.

तो समज त्यांची पत्रेच खोटा ठरवतात. जोतिरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयात ती वाचावयास मिळतात. त्यांतील दोन या माहेरच्या गावातून लिहिलेली आहेत.

पहिले पत्र ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई तेव्हा पंचविशीच्या. दुखणे काढण्यासाठी माहेरी आलेल्या. भावाने मनोभावे शुश्रूषा केली, हे त्या आवर्जून लिहितात. पण याच भावाने एके दिवशी त्यांना सुनावले. तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारे आहे, तुम्हांला वाळीत टाकले ते योग्यच झाले, असा त्याच्या बोलण्याचा रोख. सावित्रीबाईंचे उत्तर अगदी घरगुती आहे. तू गाय-बकरी मायेने पाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ का मानतोस? भाऊ निरुत्तर झाला. आईच्या डोळ्यांत पाणी आले.

हा संवाद कुठल्या सभेत झालेला नाही. एकाच घरातली, एकमेकांवर जीव असलेली माणसे बोलत आहेत. समाजसुधारणा म्हणजे व्यासपीठ अशी आपली कल्पना असते. पण ज्याने उशाशी बसून औषध दिले त्याला विरोध करणे हे व्यासपीठापेक्षा फार कठीण काम आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असा एखादा भाऊ असतो. कधी तो भाऊ आपण स्वतःच असतो.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे. त्यावर नायगाव, पेटा खंडाळा, सातारा असा ठिकाणा आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगून पोट भरत असे. त्याचे आणि सारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. तिला दिवस गेले. गावाला हे कळताच दोघांना मारहाण करीत गावातून फिरवले. त्यांना ठार मारण्याचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्यात याचे परिणाम काय होतील याचा धाक त्यांनी जमावाला घातला आणि दोघांचे प्राण वाचवले. शेवटी दोघांनी गाव सोडावे यावर तोड निघाली. त्यांना आपण तुमच्याकडे पाठवीत आहोत, असे त्या जोतिरावांना कळवतात. त्याच १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हेही येथे लक्षात घ्यावे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपण प्रातःस्मरणात फुल्यांचे नाव घेतो. मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई आपल्याला सहज मान्य होतात, कारण आज मुलगी शिकवण्यावर कुणाचा आक्षेप राहिलेला नाही. सारजेला वाचवणाऱ्या सावित्रीबाई मात्र तितक्या सहज पचत नाहीत. जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत आजही येतात. गाव तेव्हाही चांगल्याच माणसांचे होते. जमावात उभे राहिल्यावर ती माणसे काय करू शकतात, ते या पत्रात दिसते.

२०२५ च्या जयंतीला मुख्यमंत्र्यांनी नायगावला मोठ्या स्मारकाची घोषणा केली. २०३१ मध्ये जन्माला दोनशे वर्षे होतील. पुण्यातील भिडे वाड्याची जीर्ण वास्तू स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली; म्हणजे ती शाळा ज्या भिंतींत भरली त्या आता पाहता येणार नाहीत. नायगावचे घर आपल्यापुढे आहे, म्हणून त्याचे मोल अधिक. मोठ्या वास्तूच्या सावलीत ते एखाद्या देखाव्यासारखे उरू नये, एवढी चिंता वाटते. आणि गाव? शिरवळ-खंडाळ्याच्या परिसरात कारखाने आले, जमिनींचे भाव चढले, तरुण पाळीच्या कामावर जाऊ लागले. स्मारकाकडे वाहनतळ आणि दुकानांचे गाळे एवढ्याच दृष्टीने पाहण्याचा मोह अशा वेळी कुणालाही होईल. त्यात गावकऱ्यांचा दोष नाही. त्यांना दुसरे काही सोपवलेच नाही, तर ते तरी काय करणार?

माझी सूचना साधी आहे. घर दाखवण्याचे काम गावातल्या मुलींकडे असावे, आणि त्याचे त्यांना रीतसर मानधन मिळावे. आलेल्या मंडळींना ओसरीवर बसवून ही दोन्ही पत्रे मोठ्याने वाचून दाखवावीत. दुसरे पत्र लांब आहे म्हणून वगळू नये. आपल्या कुटुंबांनी जयंतीचा दिवस सोडून एखाद्या रविवारी जावे. त्या दिवशी निवांतपणे बसता येईल. महामार्ग सोडताना डबा बरोबर घ्या, मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन जा. पहिले पत्र वाचायला घरातल्या मुलीला सांगा. आणि भावाचा मजकूर तिच्या भावाने वाचावा.