वेळीच दिलेला नकार
(मुरुड येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दूरध्वनीच्या जाळ्यात नव्या संभाषणाला केव्हा वाट द्यावी आणि केव्हा ती नाकारावी, हा प्रश्न वरकरणी यंत्रज्ञांच्या कचेरीतला वाटला, तरी मुळात तो न्यायाचा प्रश्न आहे, असे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. ज्या संभाषणाला एकदा वाट दिली, ते निर्वेधपणे शेवटास नेण्याची हमी त्याच क्षणी दिली गेलेली असते. आणि जी हमी पाळता येणार नाही ती न देणे, हाच प्रवेशनियमनाचा गाभा होय. आपल्याच भागातल्या रेल्वेचा दाखला घ्या: १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली. अशा एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाचा ‘लाइन क्लिअर’ आल्याखेरीज स्टेशनमास्तर गाडी सोडीत नाही, कारण खोळंबलेल्या उतारूंच्या त्राग्यापेक्षा समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांचे संकट मोठे, हे तो जाणतो.

परंतु नकार न्याय्य ठरावयाचा, तर आधी आपल्या सामर्थ्याचा अदमास चोख हवा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ साली हा हिशेब सूत्रबद्ध केला. समजा, गर्दीच्या तासात मुरुडहून ६० माणसांना बाहेरगावी सरासरी ३ मिनिटे बोलावयाचे आहे. काम झाले १८० मिनिटांचे, म्हणजे तीन तारा तासभर अखंड गुंतून राहतील एवढे. तेव्हा तीन तारा पुरे, असे त्रैराशिक सांगते, आणि तेथेच ते फसते. कारण माणसे रांगेने नव्हे, तर आपापल्या निकडीने फोन उचलतात, एका क्षणी सर्व तारा मोकळ्या असतात आणि दुसऱ्या क्षणी सातजण एकदम येतात. एर्लांगच्या सूत्राप्रमाणे तीन तारांवर शंभरातले सुमारे ३५ जण विन्मुख परततील. हे प्रमाण एकाच्या खाली आणावयाचे, तर ८ तारा हव्यात. औशाची गरजही तेवढीच धरली, तर दोन्ही गावांना वेगवेगळ्या मिळून १६ तारा लागतील. त्याच एकत्र केल्या, तर १३ पुरतात.

तारा कितीही वाढविल्या, तरी कोणाला तरी थांबावे लागणारच. मग कोणी थांबावे? ट्रंक कॉलच्या जमान्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे वर्ग असत, आणि अनेकपट दर मोजणाऱ्याचा क्रम आधी लागे. शिरस्ता सर्वांना ठाऊक होता, ही त्यातली जमेची बाजू. परंतु निकड आणि ऐपत यांची तेथे गल्लत होत असे, ही त्यातली उणीव.

या प्रश्नाची खरी कसोटी आपल्या लातूर जिल्ह्याला अपरिचित नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, किल्लारीची भूमी हादरली आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. अशा प्रसंगी एर्लांगच्या हिशेबाचा पायाच निखळतो, कारण तो परस्परांशी संबंध नसलेल्या माणसांवर उभारलेला आहे, आणि येथे तर मुंबई-पुण्यातले प्रत्येक आप्तहृदय एकाच घटकेस एकाच मुलखाकडे धाव घेते. न लागलेला फोन माणूस पुनःपुन्हा लावतो, आणि तो प्रयत्नही एक्स्चेंजवर भार घालतोच. म्हणून शहाणा बंदोबस्त असा की, बाहेरून येणारे फोन जेथून निघतात तेथेच आवरावेत आणि आपद्ग्रस्त भागातून बाहेर जाणाऱ्यांसाठी काही मार्ग राखून ठेवावेत: ढिगाऱ्याशेजारून डॉक्टरला आलेली हाक क्षेम विचारणाऱ्या शंभर हाकांहून अग्रक्रमाची आहे.

मोबाइलच्या यंत्रणेत याची सोय मुळापासून आहे. प्रत्येक सिमकार्ड ० ते ९ पैकी एका सामान्य वर्गात मोडते. पोलीस, आपत्कालीन सेवा इत्यादींकरिता ११ ते १५ हे वर्ग राखीव आहेत. आणि टॉवर गर्दीत सामान्य वर्गांना आळीपाळीने थोपवू शकतो. ऐपतीच्या जागी येथे पाळी आणि निकड आली, ही मी मोठी प्रगती मानतो.

तथापि साधन असणे वेगळे आणि तजवीज असणे वेगळे. फोन लागण्याची संपूर्ण जिल्ह्याची सरासरी उत्तम असूनही मुरुडच्या बाजारच्या दिवशी एकेका टॉवरवर माणसे ताटकळू शकतात. तेव्हा मोजमाप त्या टॉवरच्या सर्वाधिक गर्दीच्या तासाचे व्हावे, अग्रक्रमाचे नियम संकटापूर्वी ठरावेत आणि ते लोकांसमोर जाहीर व्हावेत. नकार कोणालाच गोड लागत नाही. पण तो कोणत्या नियमाने मिळाला, हे ज्याला विचारता येते, त्या नागरिकाचा मान त्या नकारातही शाबूत राहतो.